सरळ छेद

सरसाचं भांडं कलंडलं तेव्हा थोरली कारखान्यात नव्हती. वर्षातले तीनशे दिवस सकाळी आठच्या ठोक्याला ती तिथं हजर असायची आणि नेमकी त्या दिवशी लाकूड बघायला वखारीत गेली होती. बाबांचा तोल गेला, हात शेगडीवरच्या भांड्याला लागला आणि उकळता सरस त्यांच्या उजव्या पावलावर सांडला. अशा वेळी तिथं कोण असावं? चिमी. धाकटी. आठवड्यातून एकदा बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या द्यायला दहा मिनिटं डोकावणारी.

थोरली परतली तोवर सगळं पार पडलं होतं. चिमीनं बाबांचा पाय वीस मिनिटं नळाच्या धारेखाली धरला होता, वर सैलसर जाळीची पट्टी बांधली होती आणि आता त्यांच्या पाठीला उशी लावत होती. पावलावर लिंबाएवढा फोड आला होता, पाण्यानं टच्च भरलेला.

"चिमीताई होत्या म्हणून बरं," दाबयंत्रावरचा कामगार म्हणाला, "नाहीतर आमची नुसती पळापळ झाली असती."

"नळ मलाही सोडता येतो," थोरली म्हणाली आणि पिशवी आदळून आत गेली.

चिमी दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात ड्रेसिंग रूमची नर्स होती. जायच्या आधी तिनं ताईला बाजूला घेतलं. "फोडाला हात लावायचा नाही हं, ताई. आतलं पाणी आपोआप जिरेल. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी. बाबांची साखर बघता फोड फुटला तर महाग पडेल. मी रोज सकाळी येऊन बघत जाईन."

"रोज? तुला वेळ मिळेल?" थोरलीनं विचारलं. टोमणा बरोबर लागला, पण चिमीनं तो अंगाला लावून घेतला नाही. ती खाली बसून गोळ्यांच्या पट्टीवर, एकेका फुगीर घराच्या मागे, पेनानं वार लिहीत होती. म्हणजे ताईनं गोळी चुकवू नये. थोरलीनं गेली अकरा वर्षं एकही गोळी चुकवली नव्हती.

आई गेली तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि चिमी दोनची. "मुलीला तळहातावरच्या फोडासारखं जपलंय हो त्यानं," आत्या येईल त्याला सांगायची, आणि ती मुलगी म्हणजे कोण, हे विचारावं लागत नसे. थोरलीच्या तळहातावर तर तेव्हा खरेच फोड असायचे. शाळेतून आली की ती बाबांच्या हाताखाली रंधा मारायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही तळवे सोलवटले, ती ते बाबांपुढे घेऊन गेली. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "फुटू देत. घट्टा पडला की दुखायचं थांबेल." घट्टा पडला. दुखायचं थांबलं. बाबांचं म्हणणं खरं ठरलं, याचाच तिला राग होता.

पुढं कारखाना तिनंच सांभाळला. टेबलं, दारं, कपाटं यांवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, म्हणजे विनियर बसवायचं, हे त्यांचं काम. त्यात फुगा राहिला की माल परत. फुगा डोळ्यांना दिसायच्या आधी थोरलीच्या नखाला कळायचा. टकटक करत जायची आणि जिथं आवाज पोकळ येईल तिथं थांबायची. मग लाकडाच्या रेषांबरोबर ब्लेडनं केसाएवढा सरळ छेद, सुईनं आत सरस, वर ओला कपडा आणि गरम इस्त्री. नंतर भिंग लावलं तरी जागा सापडत नसे. लांबलांबचे सुतार तिला बोलवायला यायचे. बाबा मात्र एवढंच म्हणायचे, "जमलंय."

चिमी रोज सकाळी आली. दाराशी तिची चप्पल वाजली की बाबांचा चेहरा उजळायचा. रात्री दोनदा उठून त्यांना पाणी देणारी थोरली तेव्हा चहा गाळत असायची आणि गाळणं आपटायची.

तिसऱ्या दुपारी बाबा कण्हत होते. "ताणलंय गं फार. आत कुणी तरी बसलंय असं वाटतं. चिमीला फोन कर."

बाबा एवढंच बोलले नसते तर कदाचित पुढचं काही घडलं नसतं. थोरलीनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. "तिला कशाला? मी आहे ना. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?"

तिनं नवं ब्लेड काढलं, गॅसवर धरलं, हात साबणानं धुतले. बाबांनी पाय पुढं केला आणि डोळे मिटले. तिनं कातडीवरच्या बारीक रेषा बघितल्या आणि त्यांच्याबरोबर अर्ध्या पेराएवढा छेद घेतला. पाणी कापसात उतरलं, कातडी अलगद खाली बसली.

"हुश्श," बाबा म्हणाले. "तुझा हात हलका आहे गं."

त्यानंतरचा तास थोरलीनं पुढं कित्येक दिवस मनात घोळवला. बाबा गप्पांना बसले. उधारीवर आणलेलं पहिलं दाबयंत्र, आईला त्याच्या आवाजाची वाटलेली भीती, असलं काहीबाही तिला सांगत राहिले. कुणालाही न सांगितलेलं. तिनं पट्टी होती तशी बांधली. "चिमीला बोलायचं नाही," ती म्हणाली. "उगाच ओरडेल."

"नाही बोलत," बाबा म्हणाले. चोरी पचलेल्या दोन पोरांसारखे दोघं हसले.

दुसऱ्या सकाळी चिमीला यायला उशीर झाला, तोवर बाबांना हुडहुडी भरली होती. पट्टी सोडली तर पाऊल लालभडक, लाली नडगीपर्यंत चढलेली. चिमी खाली वाकली. फोडाची कड निरखून बघितली.

"फुटला कसा?"

"आपोआप फुटला असेल," थोरली म्हणाली. "झोपेत."

"कॉटला आपटला पाय," बाबा कण्हत म्हणाले.

चिमीनं दोघांकडे बघितलं आणि रिक्षा आणायला गेली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पाय उजेडात धरला. "रोजचं ड्रेसिंग कोण करत होतं?"

"मी," चिमी म्हणाली.

"तू?" डॉक्टरबाई एवढंच बोलल्या, पण त्यांच्या भुवया चढल्या. थोरली भिंतीला टेकून उभी होती. बोलायची हीच वेळ होती, आणि तिनं ती जाऊ दिली.

बाबांना तिथंच दाखल करून घेतलं. संध्याकाळी कळलं की चिमीला ड्रेसिंग रूममधून काढून नाव नोंदणीच्या खिडकीवर बसवलंय. कापायचं नाही असं ठाऊक असून तिनं घरच्या माणसावर हत्यार चालवलं, असं डॉक्टरबाईंना वाटत होतं. थोरलीनं ते ऐकलं आणि, खोटं कशाला सांगा, तिच्या जिवाला गार वाटलं. सगळ्यांनी वाखाणलेल्या हातांना पहिल्यांदाच कुणी तरी नावं ठेवली होती. ती घरी आली, पोटभर जेवली आणि शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांचा डबा घेऊन गेली. खिडकीपुढं रांग होती. आत चिमी मान खाली घालून नावं लिहीत होती. रांगेतली एक म्हातारी विचारत होती, "अगं, माझी पट्टी तू नाही का बदलणार? ती नवी मुलगी ओढून काढते, जीव जातो."

"आज नाही हो आजी," चिमी म्हणाली. तिनं पुढच्याचं नाव विचारलं.

थोरली डबा ठेवून पळाल्यासारखी घरी आली. दुपारभर एका दारावर टकटक करत बसली, पण बोटाला काही कळेना. सगळीकडे पोकळच वाजत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी हातातलं काम तसंच टाकून ती डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"तो फोड मी कापला. चिमीनं नाही. तिनं बजावलं होतं तरी कापला."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? तुम्ही काय करता?"

"विनियरचं काम. फर्निचरवर."

"अहो, छेद इतका सरळ होता की घरच्या कुणाचा असेल असं माझ्या मनातही आलं नाही. म्हणून तर तिच्यावर संशय घेतला." त्या जरा थांबल्या आणि मग चांगल्याच कडाडल्या. "तुमच्या वडिलांचा पाय जाऊ शकला असता. कळतंय तुम्हाला? लाकडाला जंतू होत नाहीत, बाई!"

थोरलीनं मान डोलावली. आजवर तिच्या कामाची इतकी मोठी तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती ऐकून तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

बाहेर जिन्यात चिमी भेटली. तिला कळलं होतं.

"तू ओळखलं होतंस?" थोरलीनं विचारलं.

"बघताक्षणी. तुझा छेद मी ओळखणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा तापानं फणफणलेले. त्यांच्या उशाशी तुझं नाव घेऊन तमाशा करू? मला वाटलं, तू येशील सांगायला. पहिल्या दिवशी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तू डबा ठेवून गेलीस, माझ्याकडे न बघता. तेव्हा तुझा असा राग आला ना ताई, की सांगायची सोय नाही." चिमीनं पदरानं नाक पुसलं. "आणि तुला कसली गं एवढी जळजळ माझी? मी कारखान्यात पाऊल टाकलं की बाबा हाकलायचे. हात कापून घेशील, बाहेर बस. तुमच्या दोघांचा रंधा चालायचा, हसणं ऐकू यायचं, आणि मी पायरीवर एकटी बाहुली घेऊन. जपलं म्हणे!"

त्या पायरीवर बसलेली पोर थोरलीला आठवत होती. तिचा हेवा केलेलाही आठवत होता. बाहुली होती, सावली होती, हातांना काही नव्हतं.

"तरी बाहुली तुझ्याकडेच होती," ती म्हणाली.

चिमीला रडता रडता हसू फुटलं. पण माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि पुढं आठवडाभर कामापुरतंच बोलली.

बाबांचा पाय वाचला. पावलावरची कातडी मात्र गेली, तिथं मांडीची पातळ कातडी काढून लावावी लागली. चिमी पुन्हा ड्रेसिंग रूममध्ये आली होती. पहिली पट्टी उघडायच्या दिवशी तिनं थोरलीला आत बोलावलं. "ये, बघ. हात मागं बांध आणि बघ."

नव्या कातडीला जागोजागी बारीक चिरा दिल्या होत्या. खाली पाणी साठलं, पापुद्रा उचलला गेला, की तो धरत नाही, म्हणून आधीच वाट करून ठेवतात, चिमीनं सांगितलं. मग ओल्या बोळ्यानं तिनं मधून कडेकडे हलकेच दाबत नेलं. थोरली श्वास रोखून बघत होती. विनियरवरही हात असाच फिरवायचा असतो, मधून कडेकडे, घाई न करता. हे चिमीला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तिला पुन्हा टोचलं. पण नजर काढवेना, इतकं ते काम नेटकं होतं.

"जमलंय," ती म्हणाली.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बाबांना कारखान्यातल्या भुशाधुळीपासून लांब ठेवायला सांगितलं, म्हणून ते चिमीकडे राहायला गेले. थोरली रोज कारखाना बंद करून तिकडे जाते. परवा ती पोचली तेव्हा बाबा चिमीच्या हातावर डोकं टेकून झोपले होते आणि चिमी अवघडून तशीच बसली होती.

थोरली उंबऱ्यात उभी राहिली. "मला हे बघवत नाही," ती हळूच म्हणाली. "खरंच सांगते. पोटात आग होते."

"होऊ दे," चिमी तितक्याच हळू म्हणाली. "पण आधी इकडे ये आणि उशी सरकव. माझ्या हाताला मुंग्या आल्यात."