दोन बोटं उंच पायरी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पायरी आहे. शहरातल्या टेकडीवर बाग आहे. त्या बागेत वर जाणारी वाट खालून मोजत आलात, तर एकेचाळिसावी होते ती मी. आता माझी जागा बदलली आहे. तरीही रोज सकाळी सव्वासहाला माझ्यावर पावलं पडतात. उजवं जड, डावं हलकं, मग दम खाण्यापुरतं थांबणं. वर पाहावं तर कुणीच नसतं. ती बाई जाऊन दोन वर्षं झाली.

मला बसवलं एका गवंड्याने. तेव्हा तो तिशीचा होता. हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. पण कामात मात्र फार काटेकोर. दगडाखाली कपच्या ठासायच्या, दगड ठोकून बसवायचा आणि वर पाणसळ ठेवायची. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत हा गडी पाणीसुद्धा प्यायचा नाही. माझ्याच वेळी उशीर झाला होता. मदतनीस हातपाय धुऊन निघाले होते. त्याने एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं, "चालतंय!" म्हणाला आणि निघून गेला. पाणसळ पिशवीतच राहिली.

पुढची वर्षं सुखाची गेली. धावणारे आले, रुसून चार पायऱ्यांचं अंतर ठेवून चालणारी जोडपी आली. एक निवृत्त पोस्टमन मोठ्याने पायऱ्या मोजायचे आणि तिसाच्या पुढे हमखास चुकायचे. माझा दगड मध्यभागी झिजत गेला, त्याचंही मला कौतुक वाटायचं.

या सगळ्यांत एक होती त्या गवंड्याची थोरली बहीण. सगळी टेकडी तिला अक्का म्हणायची. आई लवकर गेल्यावर तिनेच भावाला लहानाचा मोठा केला होता. तिचा डावा गुडघा कुरकुरायचा, म्हणून ती माझ्यावर थांबायची. समोरून कुणीही येवो, तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "या पायऱ्या माझ्या भावाने केल्यात बरं का!" भाऊ सोबत असला की कानकोंडा व्हायचा. "अक्का, पुरे गं," म्हणायचा, पण हसायचाही.

ती सकाळ कोरडी, स्वच्छ होती. अक्का उतरत होती. मागून कुणी नवखी बाई येत होती, तिला काही सांगायला अक्काने मान वळवली आणि न बघता पाय खाली टाकला. जिथे दगड लागायला हवा होता तिथे तो लागला नाही. ती पडली तो आवाज मी विसरू शकत नाही. कंबरेचं हाड मोडलं, अंथरूण धरलं आणि तीन महिन्यांत ती गेली.

लोक जमले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ही पायरीच उंच आहे. बसवणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे!" गवंडी तिथेच उभा होता. त्या दिवसापासून त्याने थापी हातात धरली नाही.

दोन वर्षांनी झिजलेल्या पायऱ्या बदलायचं ठरलं. कामावर एक मुकादमबाई आल्या, पदर खोचलेल्या, आवाज खणखणीत. गवंडी रोज येऊन बाकावर बसायचा आणि एकच विचारायचा, "एकेचाळिसावी कधी काढणार?"

"काका, दगड हवाय का घरी न्यायला?" त्यांनी विचारलं.

"नको. मी तिला पाणसळ लावली नव्हती. माझी बहीण माझ्यामुळे गेली का, तेवढं बघायचंय."

मुकादमबाईंचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी वरपासून खालपर्यंत दोरी ताणली. दोरी मला बरोबर टेकली. माझ्यावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला.

"काका, तुमची पायरी तसूभरही हललेली नाही. ही खालची चाळिसावी बघा. दोन बोटं खचलीय."

पहार घालून त्यांनी चाळिसावी उचलली. खाली पोकळी होती, कोपरापर्यंत हात जाईल एवढी. कडेची नाली पानांनी आणि मुळांनी गच्च तुंबलेली होती, म्हणून वर्षानुवर्षं पाणी पायरीखालून वाट काढत राहिलं होतं.

गवंड्याने त्या पोकळीत हात घातला आणि तो लहान मुलासारखा रडला. "अक्का, माझ्या हाताने नाही गं झालं," तो म्हणाला. मलाही वाटलं, सुटला बिचारा. मग त्याची नजर नालीवर गेली आणि त्याने हात बाहेर काढला.

"ही तुंबलेली मला दिसत होती," तो म्हणाला. "अक्काबरोबर येताना दर वेळी हिच्या कडेनेच जायचो. म्हटलं, आपलं काम संपलं, आता बागेची माणसं बघतील."

"सगळे तसंच म्हणतात, काका," मुकादमबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. चाळिसावी खचत होती ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तिचा खांदा माझ्या खांद्यापासून रोज थोडा थोडा सुटत होता. आणि मला आनंद झाला होता! मुलं माझ्यावरून उड्या मारायची, लोक मला 'ती उंच पायरी' म्हणून ओळखायचे. शंभर दगडांत मला नाव मिळालं होतं. दगडाला तोंड नसतं ही सबब खरी आहे, पण तो आनंदही खरा होता. म्हणूनच ती पावलं मला सोडत नाहीत, आणि सोडावीत असं मी म्हणतही नाही.

त्या दिवशी गवंड्याने चष्मा पुसला, फावडं मागून घेतलं आणि सगळी नाली एकट्याने उपसली. माझ्या जागी नवा दगड आला, त्याला पाणसळ गवंड्यानेच लावली. मला नालीच्या काठाला बसवलं आहे.

मित्रांनो, हलणारा दगड, तुंबलेली नाली, निखळलेला कठडा दिसला तर सांभाळून पाय टाका, पण तेवढ्यावर पुढे जाऊ नका. थांबा, कुणाला तरी सांगा, जमलं तर हात लावा. तुम्ही पडला नाहीत, हे ठीक झालं. पण तुमच्या मागून कुणाची तरी अक्का येत असते, आणि ती भावाचं कौतुक सांगत, खाली न बघता येत असते.