मी उघडत नाही!

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझं झाकण घट्ट आहे. आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, याबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही.

कारखान्यात मी चारचौघांसारखाच बनलो. निळा रंग, कडेला सोनेरी पट्टी. बेकरीत आलो आणि लगेच भट्टीवाल्याच्या हातून पडलो. काठाला पोचा आला. तेव्हापासून चमच्याची दांडी घालून जोर लावल्याशिवाय मी उघडत नाही. पण माझ्यातले काजू कधी सादळले नाहीत! भट्टीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचा.

त्याच्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, नि माझं मात्र कधी पटलं नाही. ती पीठ मळते. "हा डबा आहे की तिजोरी? नखं तुटली माझी!" असं रोजचं चालायचं.

बेकरीत चुऱ्या नावाचा तपकिरी कुत्रा आहे. टेबलावरून खाली पडलं ते चुऱ्याचं, हा तिथला कायदा. पावाचा तुकडा, बिस्किटाचा कोपरा, सगळं त्याच्या पोटात. "आमच्याकडे झाडू लागतच नाही," असं भट्टीवाला फुशारकीने सांगायचा.

मग मॅकाडेमियाची, म्हणजे काजूसारख्या एका परदेशी सुक्या मेव्याची, बिस्किटं करायचं ठरलं. गोल, गोरे, तुपकट दाणे माझ्यात भरले. आक्काने थोडे दिवस माझ्याशी कुस्ती केली आणि एका सकाळी ती भडकली. सगळे दाणे तिने टेबलाच्या कडेला एका उघड्या ताटात ओतले. माझी रवानगी सिंकखाली झाली. माझ्यात ओली फडकी कोंबली. फडकी! मला असा राग आला म्हणून सांगू!

तिथून मला सगळं दिसत होतं. आक्काचा धक्का लागला की दाणे घरंगळत होते आणि चुऱ्या ते मटकावत होता.

दुपार कलली तरी चुऱ्या जागचा उठेना. तो ओकला. उभं राहायला गेला तर मागचे पाय लटपटले आणि तो बसकन खाली आला. अंग थरथरत होतं, कान तापले होते.

"म्हातारा झालाय. फरशी गार लागली असेल," भट्टीवाला म्हणाला.

"काहीतरीच बोलू नकोस! सकाळी उड्या मारत होता तो!" आक्काने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "नाही हो, बाहेरचं काही खाल्लं नाही. आमच्याच टेबलावरचं."

"मग टेबलावरचंच थोडं थोडं घेऊन या," बाई म्हणाल्या.

आक्काने हाताला लागला तो डबा ओढला. तो मीच होतो. फडकी भिरकावून तिने दोन बिस्किटं, पावाचा तुकडा आणि मूठभर दाणे माझ्यात टाकले आणि झाकण ठोकलं. भट्टीवाल्याने चुऱ्याला खांद्यावर घेतलं आणि दोघं पळत सुटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी झाकण ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं. "अहो, हे उघडतं तरी का?"

"नाही उघडत मेलं!" आक्का रडकुंडीला आली होती. "म्हणून तर दाणे ताटात काढले ना!"

शेवटी चमचा आला. दाणे दिसताच बाई म्हणाल्या, "मॅकाडेमिया! कुत्र्यांना हे चालत नाहीत. थोडे खाल्ले तरी पायांतलं बळ जातं, थरथर सुटते, ताप चढतो."

"पण चांगले ताजे आहेत हो! आम्ही खातो ना," भट्टीवाला म्हणाला.

"तुम्ही खुशाल खा. त्याला नको."

"वाचेल ना तो?" आक्काने पदराने डोळे पुसले.

"लवकर आणलंत. बहुतेक कुत्री यातून सावरतात. आज त्याला इथेच राहू द्या." मग त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली. "आणि कुत्र्याच्या बापालाही उघडणार नाही असा डबा घरात असताना ताट कशाला?"

आक्का पदराने माझं झाकण पुसायला लागली. माझी छाती अशी फुगली की काठाचा पोचा निघतो की काय असं वाटलं.

चुऱ्या स्वतःच्या पायांनी चालत परत आला. आता बेकरीत झाडू आहे आणि जुना कायदा मोडीत निघालाय. मॅकाडेमिया माझ्यातच असतात. आक्का अजून शिव्या देते, पण झाकण लागलं की दोनदा दाबून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुत्रा असेल तर एवढं करा. जे आपल्याला चालतं ते त्याला चालेलच असं समजू नका. चुकून खाल्लंच, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना गाठा. आणि माझ्यासारख्या हट्टी डब्याला नावं ठेवू नका.

चुऱ्या रोज माझ्यासमोर येऊन बसतो. नाक घासतो, पंजा मारतो, डोळ्यांत पाणी आणून बघतो. बघ बाबा, हवं तेवढं बघ. तू मला फार आवडतोस, म्हणूनच मी उघडत नाही.