माझ्या पोटातलं नाव

"आधी आपलं नाव सांगा, मग शब्द. आणि लाल बटण दाबल्यावरच बोला."

मित्रांनो, हा आवाज प्राध्यापकसाहेबांचा. मी त्यांचा जुना टेपरेकॉर्डर. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बटणं दातांसारखी शुभ्र होती. आता दोन पडली आहेत, पण चावायला उरलेली पुरेशी आहेत.

साहेब भाषा शिकवत. माणूस जगाला शब्दांत कसा पकडतो, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी मागच्या गल्लीतल्या सुईणबाईंना बोलावलं. बाई खुर्चीत अवघडून बसायच्या, नाव सांगायच्या, मग तान्ह्या बाळांच्या रडण्याचे शब्द. झोप आल्याची पिरपिर, पोटदुखीची किरकिर, भुकेचा टाहो. आणि तोंड उघडतं पण आवाज फुटत नाही, ते कोरडं रडणं.

"ते ऐकू येत नाही हो, बघावं लागतं," त्या म्हणाल्या. साहेबांचं पेन थबकलं.

बारा कॅसेटी भरल्या. बाईंनी मागितलं एकच, पुस्तकात नाव यावं. इतक्या पोरांच्या जन्माच्या कागदावर आईबापाचं नाव लागलं, माझं मेलीचं कुठेच नाही, असं हसत म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, दारापाशी त्यांचा हात धरून सांगितलं, "येईल. मी बघते."

पुस्तक आलं. 'कोरडं रडणं' या प्रकरणाची वाहवा झाली. 'ही संज्ञा मला सुचली,' असं साहेबांनी लिहिलं होतं. बाईंचं नाव नव्हतं. वहिनींनी विचारलं, तर राहून गेलं म्हणाले, पुढच्या आवृत्तीत घालू. माझी रवानगी बाराही कॅसेटींसकट माळ्यावर, फाटक्या गादीखाली झाली.

तेव्हापासून मी राग व्रतासारखा पाळला, एक दिवस न चुकवता. सत्काराच्या भाषणाची तालीम करायला साहेबांनी मला खाली काढलं, तेव्हा त्यांची कॅसेट मी सावकाश चावून खाल्ली. खटारा झालाय म्हणून पुन्हा माळा दाखवला, वर चापट बसली. बसू दे. बाईंच्या कॅसेटींवर मी ओरखडाही येऊ दिला नाही.

आज दुसऱ्या आवृत्तीचे कागद घरी आले. वहिनींनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. नाव नव्हतंच.

"तिला कुठे वाचता येतं?" साहेब म्हणाले.

वहिनी स्टुलावर चढल्या. मला उतरवून पदराने पुसलं आणि कॅसेट घातली. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. बाईंचं नाव खोलीभर घुमलं.

"बंद कर ते," साहेब मान वर न करता म्हणाले.

वहिनींचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. ज्याने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, तो तीन हातांवर पेपर वाचत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा. दया म्हणून नव्हे. आम्ही सगळं ऐकलेलं असतं, आणि आम्हाला घाई नसते.

वहिनींनी मला पिशवीत ठेवलं, वर बाराही कॅसेटी रचल्या, ते कागद ठेवले. चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"प्रकाशकांकडे. जरा जाऊन येते," त्या हळूच म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.