दारू सोडायचीय? जिना चढून या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. लोकांनी वाचावं म्हणून माझा जन्म झाला. पण मला वाचलं की लोक घाईघाईने दुसरीकडे बघू लागतात. कारण माझ्यावर ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'दारू सोडायचीय? जिना चढून या. चहा आहे.'

एका मोडक्या टेबलाच्या फळीतून पेंटरकाकांनी मला घडवलं. काका दुकानांच्या पाट्या रंगवत. दारूपायी एके काळी त्यांचा हात इतका थरथरायचा, की सरळ रेघ ओढणं मुश्कील. मग ते त्यांच्यासारख्याच चार माणसांबरोबर बसू लागले, मनातलं बोलू लागले आणि हात हळूहळू थाऱ्यावर आला. त्यानंतर रंगवलेली पहिली पाटी म्हणजे मी! रंग वाळेपर्यंत मी नुसती हरखून गेले होते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी बैठक भरायची. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी. कुणी फोनवर बोलल्याचं सोंग करत, कुणी बुटाची नाडी बांधत मला वाचून घेई. काही जण वर जात, बरेच जण निघून जात. पण कुणाचं पाऊल पहिल्या पायरीवर पडलं, की माझा कण न् कण आनंदाने थरारे!

एका गुरुवारी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई आल्या. माझ्यापुढून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी सायकलवाल्याने विचारलं, "काय हवंय ताई?"

"पंक्चर काढायचंय."

"सायकल कुठंय?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "घरी राहिली वाटतं," म्हणाल्या आणि लाजून लाल झाल्या. त्या आता निघून जाणार, एवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की मी धाडकन त्यांच्या पायावरच कोसळले!

पेंटरकाका धावत खाली आले. "लागलं का हो?"

"तुमची पाटी अंगावर येते की!"

"तिला बोलता येत नाही, म्हणून असं करते," काका हसत म्हणाले. "वारा फार आहे, तिला वर न्यायला हवी. जरा एक बाजू धरता का?"

ताईंनी मला धरलं. बोलता बोलता अख्खा जिना चढूनही गेल्या! मित्रांनो, मीही ती खोली त्या दिवशी प्रथमच पाहिली. गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, वाफाळता चहा आणि एकेक करून बोलणारी माणसं. तिथलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. पण ताई आणि तिथला एक बसचालक आपापली गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून तेवढीच सांगते.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "भाचीचे केस कापत होते. पोटात दारू होती. कात्री तिच्या कानाला लागली. नणंदेने पोरीला उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं." मग खाली बघत त्या पुटपुटल्या, "मी बाटली शाम्पूच्या डब्यामागे लपवते."

"मी पिठाच्या डब्यात लपवायचो," तो बसचालक म्हणाला. "आमच्या पोळ्यांना वास यायचा!"

खोलीत हशा पिकला. ताई आधी दचकल्या. मग त्यांना कळलं, की हे आपल्याला हसत नाहीत, आपल्याबरोबर हसताहेत. आणि त्याही हसता हसता रडू लागल्या.

ताई दर गुरुवारी येऊ लागल्या. मध्ये एकदा पाय घसरला, पुन्हा बाटली हाती आली आणि त्या यायच्या बंद झाल्या. नंतर मान खाली घालून आल्या, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बरं झालं आलात. चहा गरम आहे."

पुढे सगळे मोबाइलवर पत्ता शोधू लागले आणि मला जिन्याखाली टाकण्यात आलं. अंगावर धूळ, कोपऱ्यात वाळवी. मला बाहेर काढलं ते ताईंनीच. "मोबाइलवर शोधायलासुद्धा धीर लागतो," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे नव्हता. पाटी हवीच." त्यांनी मला धुतलं, काकांनी अक्षरं नव्याने उजळली.

आणि काय सांगू! बैठकीला घरच्यांनाही बोलावलं होतं, त्या दिवशी एक बाई मुलीचा हात धरून माझ्यापुढे थांबल्या. मुलीचे केस छान कापलेले. ती गिरकी घेत सायकलवाल्याला म्हणाली, "बघा, मामीने कापले! आईनेच नेलं होतं!" जिन्यावरून उतरणाऱ्या ताई त्या दोघींना इथे आलेलं पाहून जागीच थबकल्या. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या महिन्यात माझेही कापाल ना?" ताई जोरजोरात होकाराची मान हलवत राहिल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या पाटीपुढे कुणी घुटमळताना दिसलं, तर बोट दाखवू नका, खुसखुसू नका. फक्त थोडं बाजूला व्हा, जिन्याची वाट मोकळी ठेवा.

थांबा, थांबा! हेल्मेट न काढताच एक माणूस मला वाचतोय. गेला... नाही, वळला! पुन्हा वाचतोय. आणि वरून ताईंच्या चपलांचा आवाज येतोय.