स्वयंपाकघरापर्यंत

"उंबऱ्यावरून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्याचं ऐकून परत फिरू नकोस," टोपलीमावशींनी मला मदत मंडळातल्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. लोकांच्या स्वयंपाकघरात डोकवायचं म्हणजे मदत की चोंबडेपणा?

आमच्या चर्चचं मदत मंडळ मावशींच्या पावाच्या टोपलीतून सुरू झालं. त्यांना नावही तिथूनच पडलं. तरुणपणी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की त्या आणि तेव्हाचे फादर मागच्या दारात पाव वाटत. एक गवंडी परांचीवरून पडून घरी बसला होता. फादर विचारपूस करायला गेले की दार अर्धं उघडून "काही कमी नाही" म्हणायचा. आत बायको तापाने फणफणलेली आणि चूल थंड, हे कळलं तेव्हा दुखणं हाताबाहेर गेलं होतं. ती वारली आणि मंडळाने दारातलं वाटप बंद केलं. दोघांनी मिळून घरी जायचं, आत बसायचं, प्यायला पाणी मागायचं. माणूस पाणी आणायला उठतो, आपण बोलत बोलत मागोमाग जातो, आणि घरात काही शिजतंय का ते दिसतं.

सासूबाई म्हणतात, लेकराला घेऊन घरोघर हिंडतेस, एखादं दुखणं घरी आणशील. भीती मलाही वाटते. धाकटीचं कपाळ मी उठता-बसता चाचपते. पण घाबरट माणसाला शंका लवकर येते, हा एक फायदा. गेल्या रविवारी मावशी मिस्सेला आल्या नाहीत. मंडळातले म्हणाले, त्यांचं काय बघायचं, त्याच सगळ्यांचं बघतात. माझ्या जिवाला चैन पडेना. जोडीला कुणी मिळालं नाही, तेव्हा मी आणि कडेवरची धाकटी, झालो की दोघी.

दार बोटभर उघडलं. "ठीक आहे गं सगळं. जा, लेकीला ऊन लागेल."

"मावशी, हिचं दूध तेवढं कोमट करून द्या."

त्यांनी डाव ओळखला. "चांगलीच तयार झालीस," म्हणाल्या आणि भिंत धरून बाजूला सरकल्या.

गुडघा सुजून भोपळा झाला होता. ओटा कोरडा ठणठणीत. वाटीत पाण्यात भिजवलेला शिळा पाव. मी गॅस पेटवला, भात टाकला, कळवलं का नाही म्हणून रागावले.

"मदतीची यादी मीच करते गं. तिच्यात माझंच नाव कसं घालू?"

मी म्हटलं, आजपासून तुमचंही घर आमच्या फेरीत. त्यावर त्यांनी बजावलं, या, पण साखर नीट बघून टाका, तुमचा चहा पाकासारखा असतो.

डॉक्टर येऊन गेले. मावशी पुन्हा हिंडू लागतील, मला खात्री आहे. पण तुमच्याकडेही अशी एक असेल: खुर्च्या मांडणारी, आजाऱ्यांची नावं तोंडपाठ असणारी. तिच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं, आठवून बघा. आठवत नसेल, तर आजच जाऊन या.