तेरावी पास

सातवीचा निकाल पाहून हेडसरांनी आधी टाळी वाजवली आणि मग ते मटकन खुर्चीत बसले. चोवीस पोरांपैकी तेरा गणितात पास! दोन वर्षांपूर्वी जेमतेम चार होती.

आता यात तोंड पाडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण वरच्या ऑफिसचं शहाणपण काही औरच. निम्मी पोरं नापास असली तर शाळा 'कच्ची', आणि जादा शिक्षकाचा पगार फक्त कच्च्या शाळेला. गणिताच्या बाई त्याच पगारावर होत्या. म्हणजे बाईंनी जीव तोडून शिकवलं आणि स्वतःचीच नोकरी घालवली. घ्या!

"बाई," हेडसर चुळबुळत म्हणाले, "एक पेपर जरा कडक तपासाल का? एकच हो! बारा झाले की आपण पुन्हा कच्चे."

"कुणाचा?"

"शेवटच्या बाकावरची ती चिमणी. पस्तीस, अगदी काठावर. पुढच्या खेपेला होईल की पास."

हे बोलताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. बाईंच्या नवऱ्याचं काम सुटलेलं, सासरे अंथरुणावर. पगार नको असं त्या कोणत्या तोंडाने म्हणणार? पेपर पिशवीत घालून त्या गेल्या. हेडसरांना स्वतःची लाज वाटली, पण आशा काही सुटेना.

सकाळी बाईंनी पेपर टेबलावर ठेवला. "सर, माझीच चूक झाली होती."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" हेडसरांची कळी खुलली.

"मागच्या पानावरचं गणित तपासायचंच राहिलं होतं. सदतीस झाले."

हेडसरांनी कपाळावर हात मारला. "अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"मग काय, तिच्या पायावर पाडू?" बाईंनी पेपर त्यांच्यापुढे सरकवला.

हेडसरांनी रजिस्टरात सदतीस लिहिले आणि सही केली. "पण पुढच्या वर्षी पोरांना गणित शिकवणार कोण?"

"तुम्ही."

"मी? अहो, मी भाषेचा मास्तर! अपूर्णांक बघितला की मला अजून घाम फुटतो."

"माझे अकरा दिवस उरलेत." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. "वही काढा, सर."