काही न करण्याची तयारी

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो तपासायचं तिचं काम. मळमळ, चक्कर, क्वचित प्रसंगी शुद्ध हरपणे. अशा बाईला मूल झाल्यावर काय व्हायचं? लेक चिमणी नुसती शिंकली तरी हिच्या डोक्यात अख्खा कागद उलगडायचा.

आता वाढवून घेतलेली रजासुद्धा संपत आली होती. येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि चिमणी काही पाळणाघरात रुळत नव्हती. "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल," असं पाळणाघराच्या ताईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

तिथली पद्धत अशी, की पहिल्या आठवड्यात आईने खोलीतच एका बुटक्या स्टुलावर बसायचं. बोलायचं नाही, खेळवायचं नाही. रोज स्टूल थोडं दाराकडे सरकवायचं आणि शेवटी दाराबाहेर. हिचं स्टूल सोमवारी खिडकीपाशी होतं आणि बुधवारीही खिडकीपाशीच. "चिमणे, तो लाल ठोकळा बघ! तोंडात नाही गं घालायचा! ताई, तिचं नाक!"

"तुम्ही इथे कपाटासारख्या बसा," ताई म्हणाल्या. "कपाट बोलतं का?"

त्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना तिने मोबाइलवर प्राचीन चिनी तत्त्वज्ञानावरचं एक व्याख्यान ऐकलं. जोर लावू नका. पाणी दगडाशी भांडत नाही, वळसा घालून जातं. 'वू वेई', म्हणजे न करता करणं. चिमणीचा मोजा हातात धरून ती उभीच राहिली. इतक्या जुन्या काळी, इतक्या लांब, कुणीतरी खास आपल्यासाठीच हे सांगून ठेवलं होतं!

"उद्यापासून मी काहीही करणार नाहीये," तिने नवऱ्याला जाहीर केलं.

"म्हणजे नेमकं काय करणार?"

"काही नाही."

"मग आरशासमोर काय चाललंय?"

"त्याचीच तयारी." ती निर्विकार चेहरा बसवून बघत होती. भुवया ऐकत नव्हत्या.

"तू काही करत नसलीस ना, की मला जास्त भीती वाटते," नवरा म्हणाला.

गुरुवारी मात्र तिला जमलं. डोळे अर्धे मिटलेले, श्वास संथ, हात मांडीवर मोकळे. ठोकळे कुणी का तोंडात घालेना, ती पाणी झाली होती. इतकी शांत, मऊ, न रागावणारी बाई त्या मुलांनी कुठे पाहिली होती! एकाने तिच्या गुडघ्यावरून मोटार चालवली. एक पाठीला टेकला. एका शेंबड्या मुलीने सरळ मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. चिमणीने वळून पाहिलं, तर आपल्या मालकीच्या आईवर अख्खं पाळणाघर पसरलेलं! तिने किंकाळी फोडली, सगळ्यांना ढकललं आणि आईच्या गळ्याला जी मिठी मारली ती घरी पोचेपर्यंत सोडली नाही.

"नुसतं बसा म्हटलं होतं," ताई म्हणाल्या. "समाधी लावा नव्हतं म्हटलं."

घरी नवरा हसून हसून सोफ्यावरून घसरला. मग तिचा चेहरा बघून सावरला. "अगं, उद्या तू सरळ उठून बाहेर ये ना."

"पाण्याला ढकलायचं नसतं."

"पण पाणी पुढे तरी जातं! तू डबकं झालीयेस."

डबकं हा शब्द तिला भलताच लागला. भांडी विसळताना मात्र मनातल्या मनात कबूल करावं लागलं. जोर न लावण्याच्या नावाखाली ती स्टुलाला चिकटून बसली होती. जायचं तिलाच नव्हतं.

शुक्रवारी ती बसलीच नाही. चिमणीपुढे उकिडवी होऊन म्हणाली, "आई जातेय. दुपारी न्यायला येईन." चिमणीचा खालचा ओठ थरथरला, आता ती भोकाड पसरणार हे आईला कळलं, आणि तरी ती निघाली. फाटकापर्यंत तो आवाज ऐकू येत होता. धडधड, घशाला कोरड, हातापायांना कंप. सगळी लक्षणं कागदात लिहिल्याप्रमाणे.

मग फोन हातात धरून ती रस्त्यावरून फेऱ्या मारत राहिली. ताईंचा फोन काही येईना. शेवटी तिने नवऱ्यालाच फोन लावला.

"अरे, मला एक फोन कर. वाजतो का बघते."

"वाजला. ठेव आता."

दुपारी ती धापा टाकत पोचली. "रडली?"

"रडली की. मग एकीने तिचा ठोकळा ओढला, तेव्हा भांडायला गेली. भांडताना रडायला कुठली सवड?"

"मला शोधलं नाही?"

"दाराकडे पाहिलं एकदा."

"एकदाच?" बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"सोमवारी आणा. जागा पक्की," ताई म्हणाल्या, आणि तिचे भरलेले डोळे बघून पुढे म्हणाल्या, "हे बघा, रुळायला आम्ही मुलांना आठवडा देतो. त्यांच्या आयांना देत नाही."

तिने मान डोलावली, नाक पुसलं आणि चिमणीला हाक मारली. चिमणीने वरही पाहिलं नाही. तिचं भांडण अजून संपायचं होतं.